कोकण किनाऱ्यावर रोज बाळगण्यासाठी लहान फिल्म कॅमेरा कसा निवडावा

रोज खिशात ठेवायचा फिल्म कॅमेरा कोणता घ्यावा असे विचारले की सल्ला देणारे नावांची यादी म्हणून दाखवतात. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्याला त्या यादीचा उपयोग बेताचाच आहे, कारण यादीतले बहुतेक कॅमेरे आता फक्त वापरलेले मिळतात आणि दमट हवेत राहिलेल्या एकाच मॉडेलच्या दोन नगांपैकी एक उत्तम तर दुसरा निकामी असू शकतो. म्हणून मॉडेल झटपट ठरवावे आणि उरलेला सगळा वेळ हातातला नग तपासण्यात घालवावा.

मॉडेलबद्दल माझे मत ठाम आहे: ओलिंपस एक्सए. योशिहिसा मैतानी यांनी आखलेला हा कॅमेरा १९७९ साली बाजारात आला. त्याचे सरकते झाकण लेन्सला वाळू आणि खाऱ्या तुषारांपासून वाचवते, ३५ मिमी एफ/२.८ लेन्सला रेंजफाइंडरची (दोन प्रतिमा एकमेकींवर आणून अंतर जुळवण्याच्या सोयीची) जोड आहे आणि शटरचा आवाज शेजाऱ्यालाही जेमतेम ऐकू जातो. अंतर जुळवत बसायचा कंटाळा असेल तर त्याच घडणीचा एक्सए-२ घ्यावा. त्यात अंतराचे तीनच टप्पे आहेत. १९६६ चा रोलाय ३५ सेल नसतानाही फोटो काढतो, पण त्याची लेन्स दर वेळी बाहेर ओढावी लागते आणि अंतर डोळ्यांनी अजमावावे लागते. ओलिंपसच्याच ट्रिप ३५ ला सेल लागतच नाही; मात्र त्याचे शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाहून जलद चालत नाही, त्यामुळे दुपारच्या पुळणीवर त्यात ४०० वेगाची, म्हणजे प्रकाश चटकन टिपणारी फिल्म घालू नये. ओलिंपसचा म्यू-२ पावसाचे शिंतोडे सोसतो, हा इथे मोठाच गुण. पण झाकण मिटून पुन्हा उघडले की बंद केलेला फ्लॅश आपोआप चालू स्थितीत येतो, आणि हर्णैच्या बंदरावर संध्याकाळच्या मासळी लिलावात एकदा फ्लॅश उडाला की सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळल्याच म्हणून समजा.

आता बुरशी. कोकणात कॅमेरा निवडणे म्हणजे मुख्यतः बुरशी ओळखणे, आणि मला सर्वांत जास्त त्रास याच टप्प्याने दिला आहे. लहान कॅमेऱ्याची लेन्स निघत नाही आणि शटर मिटलेले असते, त्यामुळे समोरून टॉर्च मारली तर काच लखलखीत दिसते आणि मागच्या भिंगांवरची बुरशी काही दिसत नाही. विक्रेता जे फोटो पाठवतो तेही बहुधा समोरूनच काढलेले असतात. त्यांच्यावर पैसे पाठवू नयेत.

तपासणी अशी करावी. मागचे दार उघडावे, फिल्म नसल्याची खात्री आधी करावी आणि शटर उघडे धरावे. रोलायमध्ये त्यासाठी ‘बी’ ही खूण आहे; तिथे बटण दाबून धरले तोवर शटर उघडे राहते. एक्सएमध्ये ‘बी’ नाही. तिथे नवे सेल घालून फिल्मचा वेग २५ वर आणि छिद्र पूर्ण उघडे, म्हणजे एफ/२.८ वर ठेवावे, लेन्सजवळची प्रकाशमापकाची खिडकी बोटाने झाकावी आणि बटण दाबावे. कॅमेऱ्याला अंधार वाटतो आणि शटर काही सेकंद उघडे राहते. ट्रिपमध्ये अशी सोय नाही, म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबून क्षणभर दिसेल तेवढे पाहावे. टॉर्च मागून आणि तिरकी धरावी, कारण सरळ झोतात बारीकसारीक सगळे पुसले जाते. डोळाही समोरून किंचित बाजूला असावा.

सुटे ठिपके दिसले तर ती धूळ आहे, सोडून द्यावी. सगळीकडे सारखा धुरकटपणा असेल तर प्रकाशाकडे तोंड करून काढलेले फोटो फिके येतील. फांद्या फुटलेले बारीक धागे दिसले की ती बुरशी, आणि तो कॅमेरा परत करावा. “कडेला एकच धागा आहे, फोटोत येत नाही” हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. ते त्या दिवसापुरते खरेही असते, पण एक पावसाळा गेला की तो धागा मध्यापर्यंत पोचू शकतो. “उन्हात ठेवा, बुरशी मरेल” हा सल्ला तर त्याहून वाईट. बुरशी मेली तरी तिच्या आम्लाने काचेवरचा लेप जिथे खाल्ला तिथला डाग राहतोच, आणि उन्हाने आतले वंगण पातळ होऊन शटरच्या पात्यांवर उतरण्याची भीती असते ती वेगळीच.

बाकीचे सोपे आहे. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर असेल तर किंमत पाडून मागावी किंवा सरळ नको म्हणावे. रेंजफाइंडरमधली दुसरी प्रतिमा भर उन्हात दिसते का ते पाहावे. दाराच्या कडेचा काळा स्पंज चिकट झाला असेल तर तो बदलता येतो. एक्सएला अल्कलाइन एलआर४४ पेक्षा सिल्व्हर ऑक्साइडचे एसआर४४ सेल घालावेत, कारण त्यांचा विद्युतदाब शेवटपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो. घेतल्यावर लगेच एक रोल काढून धुवून घ्यावा.

चामड्याची पिशवी सोबत मिळाली तर ती वेगळी ठेवावी. चामडे ओल धरते. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरण्याचा उपायही करू नये, त्याने आत पीठ तेवढे जाते. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, ओल शोषून रंग बदलणारे सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवावा. पावसाळ्यात कॅमेरा कपाटात कोंडून न ठेवता वापरत राहावा, त्यात घातलेली फिल्म महिनोन्‌महिने तशीच ठेवू नये, आणि जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर कोरडे करून पुन्हा डब्यात टाकावे.