स्पॅनिशमध्ये पदवी घेताय? या चुका टाळा

वहीत डावीकडे स्पॅनिश शब्द, उजवीकडे त्याचा इंग्रजी अर्थ, आणि मराठी वहीच्या बाहेर. पहिलं वर्षभर मीही असाच अभ्यास केला. स्पॅनिश व्याकरण कितीतरी ठिकाणी इंग्रजीपेक्षा मराठीच्या जवळ बसतं, हे कळेपर्यंत बरेच मार्क गेले होते.

व्याकरण इंग्रजीतून शिकणं

'मे गुस्ता एल काफे' हे वाक्य घ्या. इंग्रजीतून येणारा इथे 'मी' हा कर्ता शोधतो, तो सापडत नाही, आणि मग स्वतःच 'यो गुस्तो' असं काहीतरी ठोकून देतो. आपण मराठीत काय म्हणतो? 'मला कॉफी आवडते.' आवडणारी वस्तू कर्ता, आणि 'मला' चतुर्थीत. वस्तू अनेक झाल्या की आपलं 'आवडतात' होतं, तिकडे 'गुस्तान'.

'बेओ ला कासा', पण 'बेओ आ मारीया'. मधला 'आ' कुठून आला म्हणून लोक डोकं खाजवतात. 'मी घर बघतो', पण 'मी मारियाला बघतो'. कर्म माणूस असलं की आपण 'ला' लावतो, तेच हे. भूतकाळाचंही तसंच: 'काल गेलो' म्हणजे 'फुई', आणि 'लहानपणी जायचो' किंवा 'जात होतो' म्हणजे 'इबा'. सगळ्यांना धडकी भरवणारा सब्जंक्टिव्ह, म्हणजे इच्छा वगैरे सांगणारं क्रियापदाचं रूप? 'किएरो के बेंगास', 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे'. 'येतोस' आणि 'यावंस' यांतला फरक तुम्हाला शाळेत जायच्या आधीपासून कळतो.

मराठीची सोबत सुटते ती 'सेर' आणि 'एस्तार' या 'असणं' सांगणाऱ्या दोन क्रियापदांपाशी, कारण आपल्याकडे दोन्हींना 'आहे'च. 'एस' हे 'सेर'चं रूप, 'एस्ता' हे 'एस्तार'चं. 'एस आबुर्रीदो' म्हणजे तो कंटाळवाणा आहे, 'एस्ता आबुर्रीदो' म्हणजे तो कंटाळलाय. कायमच्या गोष्टींना 'सेर' आणि तात्पुरत्यांना 'एस्तार', हा नियम मात्र पाठ करू नका. 'तो मेलेला आहे' याला 'एस्ता मुएर्तो' म्हणतात, आणि मरणाहून कायमचं दुसरं काय असतं? 'एस्तार' एखादी अवस्था किंवा ठिकाण सांगतं, असं धरून चाला.

नाम नेहमी आर्टिकलसकट (पुल्लिंगी 'एल', स्त्रीलिंगी 'ला') पाठ करा. 'प्रोब्लेमा', 'मापा' आणि 'दीया' शेवटी 'आ' असूनही पुल्लिंगी आहेत, 'मानो' स्त्रीलिंगी.

'टोडो' म्हणणं

'तोदो' ('सगळं') म्हणा. स्पॅनिश 'त' आणि 'द' दातांवरचे आहेत, आपल्यासारखेच. इंग्रजीची सवय ट-ड करायला लावते, म्हणजे घरचं असलेलं आपण घालवतो.

शब्दकोशात शब्दच नाही?

ग्रंथालयातला जुना कोश असेल तर 'चीको' ('मुलगा') सी अक्षराखाली शोधून सापडणार नाही. सी-एच आणि जोड-एल यांना तेव्हा स्वतंत्र विभाग असायचे. १९९४ मध्ये स्पॅनिश अकादमींनी ही मांडणी बदलायचं ठरवलं. 'दीमेलो' तर कुठल्याच कोशात नसतो: दी, मे, लो असं तोडा, 'ते मला सांग'. आणि 'फुई' हे 'मी गेलो' आणि 'मी होतो' दोन्ही असू शकतं, संदर्भ बघा.

साहित्य म्हणजे गोष्ट सांगणं

'कोमेंतारियो दे तेक्स्तो'मध्ये, म्हणजे उताऱ्यावरच्या भाष्यात, दिलेला उतारा बोलला पाहिजे. त्याऐवजी लेखकाचं चरित्र आणि कथानक लिहून लोक पानं भरतात. कवितेत अकरा अक्षरांची ओळ मोजताना तेरा येत असतील तर तुम्ही सिनालेफा विसरलात. एका शब्दाचा शेवटचा स्वर पुढच्याच्या पहिल्या स्वरात मिसळतो. 'मी आल्मा' सुटी मोजली तर तीन, ओळीत 'म्याल-मा' अशी दोनच. आता उलट, एक अक्षर कमी पडत असेल तर ओळीचा शेवटचा शब्द बघा: आघात अंत्य अक्षरावर असेल तर एक मिळवायचं. तो शेवटून तिसऱ्यावर असेल तर एक वजा. आपल्याकडे मात्रा मोजलेल्या माणसाला यात मजाच येते.

सेर्वान्तेसच्या 'दोन किखोते' (डॉन किहोटे) या कादंबरीच्या मुळाला (पहिला भाग १६०५, दुसरा १६१५) पहिल्याच वर्षी हात घालू नका. त्याआधीचं, १५५४ चं, अज्ञात लेखकाचं 'लासारिल्यो दे तोर्मेस' हे पुस्तक छोटं आहे. भाषा जुनीच, त्यामुळे टिपा असलेली आवृत्ती घ्या.

स्पेन एका खणात, लॅटिन अमेरिका दुसऱ्यात

स्पॅनिश कवी-नाटककार लोर्काला १९३६ मध्ये ठार मारण्यात आलं. त्याच्या 'ला कासा दे बेर्नार्दा आल्बा' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला १९४५ मध्ये, आणि तो अर्जेंटिनातल्या ब्यूनस आयर्सला, कारण स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोची राजवट होती. त्याच शहरात १९६७ मध्ये कोलंबियाच्या गार्सिया मार्केसची 'सिएन आन्योस दे सोलेदाद' ही कादंबरी छापली गेली. हे धागे सुटे ठेवले तर दोन्ही पेपर अर्धेच समजतात. आणि त्या खंडातल्या प्रत्येक कादंबरीवर 'जादुई वास्तववाद' हा शिक्का मारू नका. पेरूच्या बार्गास योसाची १९६३ ची 'ला सिउदाद इ लोस पेर्रोस' लिमाच्या सैनिकी शाळेतली आहे, आणि तिथे जादू अजिबात नाही.

बोलतानाही कुठली स्पॅनिश बोलता ते ठरवा. स्पेनमध्ये 'कोखेर एल आउतोबूस' म्हणजे निव्वळ बस पकडणं. मेक्सिको किंवा अर्जेंटिनात 'कोखेर' म्हणालात तर समोरचा हसू दाबेल, कारण तिकडे तो अश्लील शब्द आहे. तिथे 'तोमार' म्हणा.