माशाचं रक्त तपासताय? या चुका टाळा

एमएस्सीची एक विद्यार्थिनी रोहूचं रक्त घेऊन थेट कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. रिपोर्टात पांढऱ्या पेशींचा आकडा भलताच वर. "सर, माशाला ब्लड कॅन्सर झालाय का?" मासा ठणठणीत होता.

माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, माशाच्या पेशीत असतं. सीबीसीचं (रक्तपेशी मोजायच्या तपासणीचं) मशीन तांबड्या पेशी फोडतं आणि मागे उरलं ते पांढरं, असं धरून मोजतं. माशाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण १० ते ३० लाख तांबड्या पेशी. त्या फुटल्या तरी केंद्रकं उरतातच. तेव्हा न्यूबॉअर चेंबर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायची चौकटी आखलेली काच, घ्या आणि हातानेच मोजा. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

हीच केंद्रकं हिमोग्लोबिनच्या वेळीही नडतात. हिमोग्लोबिन मोजायला रक्त ज्यात मिसळतात त्या ड्रॅबकिनच्या द्रावणात ती तरंगत राहतात, द्रावण गढूळ होतं आणि रंगाची गडदता मोजणारा कलरीमीटर तो गढूळपणाही हिमोग्लोबिनच्या खात्यात टाकतो. नळी आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, मग वरच्या निवळीचं रीडिंग घ्या.

प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळता उरणारा रक्तातला द्रव, गुलाबी दिसला तर पेशी फुटल्यात. बहुतेक वेळा सिरिंज धुऊन ओलीच वापरलेली असते. शेपटीची ओली कातडी न पुसता सुई टोचली तरी तेच. सगळं कोरडं असूनही गुलाबी, आणि मासा कॉमन कार्प? मग रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या ईडीटीएवर संशय घ्या, त्याऐवजी हेपारिन वापरून बघा.

सगळ्यात फसवी चूक मात्र सुई टोचण्याआधीच होते. जाळीने पाठलाग झाला की मासा घाबरतो. प्लीहा आकसून साठवलेल्या पेशी रक्तात सोडते. शिवाय ॲड्रेनालिनसारख्या संप्रेरकांमुळे बऱ्याच माशांच्या तांबड्या पेशींत सोडियम शिरतं, मागोमाग पाणी, आणि पेशी टम्म फुगतात. अंगात आम्ल वाढलं तरी ऑक्सिजन धरून ठेवायची ही त्यांची सोय. आपला हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला टक्का) मात्र विनाकारण चढतो. पाठलाग टाळा, लवंगतेलाच्या पाण्यात मासा लवकर गुंगवा आणि लगेच रक्त घ्या. एकाच टाकीतला पहिला आणि दहावा मासा सारखा आकडा देईलच असं नाही, म्हणून वहीत हिमॅटोक्रिटशेजारी तो कितवा पकडला तेही लिहा.