दहाच्या दहा फोटो नापास

स्टॉक साइटवर, म्हणजे फोटो विकायला ठेवतात त्या साइटवर, पहिल्यांदा दहा फोटो चढवले आणि दहाही परत आले. कारण एकच, ‘नॉइज’. मोबाइलवर तर झकास दिसत होते! लॅपटॉपवर 100 टक्के झूम केलं, तेव्हा कांदेपोह्यांच्या बशीमागच्या सावलीत रवा सांडल्यासारखे रंगीत ठिपके दिसले. रात्री ट्यूबलाइटखाली, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, 3200 पर्यंत चढवून काढलेले. दुसरं काय होणार?

सकाळी बशी खिडकीशी नेली. ट्रायपॉड नव्हता, मग कॅमेरा पिठाच्या डब्यावर ठेवला. आयएसओ 100, दोन सेकंदांचा टायमर. शटर 1/8 सेकंदापर्यंत उतरलं, पण बशी कुठे पळतेय! सावलीत उजेड परतावा म्हणून त्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला.

तरी एक परत आलाच: मागे तेलाच्या पिशवीवरचा लोगो. जाहिरातीसाठी विकायच्या फोटोत तो चालत नाही. क्लोन टूलने पुसला. मंडईतल्या भाजीवालीचा फोटो मात्र सोडून दिला. चेहरा ओळखू येतो, म्हणजे मॉडेल रिलीजवर (फोटो वापरू देण्याच्या संमतीपत्रावर) तिची सही हवी, आणि ती मागायला माझी जीभ रेटेना.

पहिला विकला गेला तो पोह्यांचा नव्हे, रिकाम्या बशीचा. बाजूला मजकुरासाठी भरपूर जागा होती ना!