आईच्या वारीआधी गळ्यातल्या क्यूआरची तयारी

आई इन्सुलिनवर आहे आणि आळंदी ते पंढरपूर चालत जाणार म्हणजे जाणारच, त्यामुळे आमच्याकडे पिशवी भरायच्या आधी तिच्या गळ्यात घालायचं, आजाराची माहिती असलेलं कार्ड बनतं. मागच्या वर्षी दिवे घाटात तिची शुगर घसरली, दरदरून घाम, काहीतरी असंबद्ध बोलणं, आणि आजूबाजूच्या बायांना वाटलं ऊन लागलं, पदराने वारा घालत बसल्या. कार्ड होतं गळ्यात, पण त्यावर नुसता क्यूआर, एकाने बिचाऱ्याने पेमेंट ॲपने स्कॅन केला तर ते म्हणे कोड चालत नाही. शेवटी दिंडीतल्या एका काकूंनी ओळखलं आणि साखर खायला घातली.

म्हणून पहिलं काम हे की कोडच्या वर मराठीत ठळक अक्षरात लिहायचं, मला डायबिटीस आहे, इन्सुलिन घेते, घाम, थरथर किंवा बडबड दिसली तर लगेच साखर द्या, बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा. आणि कोडच्या खाली, फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा. एवढं वाचूनच निम्मं काम होतं, क्यूआर हा मागून येणाऱ्या डॉक्टरसाठी.

आता क्यूआर कसला बनवायचा, तर लिंकवाला नको. लिंक उघडायला नेट लागतं आणि वारीत लाखो माणसं एका रस्त्यावर असली की साधा फोन लागायची मारामार. मजकूरच आत भरलेला कोड बनवा, तो नेटशिवाय वाचता येतो. फक्त आत पाल्हाळ नको, मराठीचं एकेक अक्षर तीन बाइट खातं, मग कोड इतका दाट होतो की जुन्या फोनला वाचता येत नाही. नाव, वय, आजार, इन्सुलिनचं नाव, बीपीची गोळी, ॲलर्जी, दोन फोन नंबर आणि कार्ड बनवल्याची तारीख, बास. दोन नंबरांतला एक घरी बसलेल्या माणसाचा हवा, दोघंही वारीत असले तर काय उपयोग. युनिट मी टाकत नाही, डोस बदलत राहतो, त्यासाठी केसपेपरचा फोटो फोनमध्ये. घरचा पत्ता आणि आधार नंबर तर अजिबात नाही, गर्दीत कोणीही स्कॅन करू शकतं.

बरेच जण विचारतात आभा कार्डाचा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य ओळखीचा, क्यूआर आहेच की, तोच लावू. तो 14 आकडी नंबर ओपीडीच्या रांगेत कामाचा आहे, पण त्यातले रेकॉर्ड तुमच्या संमतीनेच उघडतात, आणि रस्त्यात पडलेला माणूस ओटीपी कुठून सांगणार? ते पाकिटात असू दे.

कोड तीनेक सेंटीमीटरचा, पांढऱ्यावर काळा, आणि लॅमिनेशन चकचकीत नको, टॉर्च मारला की चमकतं आणि स्कॅन होत नाही. क्यूआरचं ब्रेसलेट मी आणलं होतं, बांगड्यांमध्ये दिसेचना, तर आता दिंडीच्या ओळखपत्राच्या मागेच चिकटवतो, वर रथामागे कितव्या नंबरची दिंडी तेही लिहितो. दुसरी कॉपी इन्सुलिनच्या पाउचमध्ये ग्लुकोज पावडरसोबत, तिसरी दिंडीप्रमुखांकडे. फोनमध्येही मेडिकल आयडी भरून लॉक स्क्रीनवर दिसेल असं सेटिंग करा, आयफोनला हेल्थ ॲपमध्ये, अँड्रॉइडला इमर्जन्सी माहितीत, पण चार्जिंगचा भरवसा नाही म्हणून कागद आधी.

मग टेस्ट, आणि ती आपल्या फोनवर नाही. शेजारच्या पोराचा जुना फोन घ्यायचा, एअरप्लेन मोड लावायचा, कार्डावर थोडं पाणी शिंपडायचं आणि बघायचं वाचतंय का. आम्ही केली तेव्हा गोळीच्या नावात एक अक्षर चुकलेलं सापडलं.

दिंडीत आईच्या पुढेमागे चालणाऱ्या दोघीतिघींना तोंडी पण सांगून ठेवा, शुगर 70 च्या खाली आणि ती शुद्धीत असेल तर तीन छोटे चमचे साखर, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. एकादशीच्या उपासाला इन्सुलिन किती ते निघायच्या आधी डॉक्टरांनाच विचारायचं, आपला अंदाज नको. तिथे इन्सुलिन किंवा गोळी बदलली तर कार्ड नवीन, जुनी तिन्ही फाडून टाकायची. मागच्या वर्षीचं एक अजून देवघरात पोथीत आहे म्हणते आई, ते आज शोधायचंय.