सहारनपुरी टीपॉयची पितळी पट्टी वर आली? ती कापू नका

घडीचे कोरीव जाळीदार पाय, त्यावर सुटी अष्टकोनी फळी आणि फळीत बसवलेली पितळी वेलबुट्टी. सहारनपूरचा हा टीपॉय प्रदर्शनांतून, हल्ली ऑनलाइनही, आपल्याकडच्या कितीतरी घरांत आला आहे. पहिलाच उन्हाळा लागला की पितळेची एखादी पट्टी कमानीसारखी वर येते आणि तिच्यात ओढणी अडकायला लागते.

माझ्याकडे मे महिन्यात असंच झालं. मी वर आलेला तुकडा पक्कडीने कापला आणि फेविक्विक टाकून टोकं दाबून बसवली. जुलैत त्या जागी तांदळाचा दाणा मावेल एवढी फट पडली, ती आजही आहे.

लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आटतं, आणि हे सगळं रेषांच्या आडव्या दिशेने होतं. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. पितळ दमटपणाने फुगतही नाही, आटतही नाही. दीड फुटी फळी पावसाळा ते उन्हाळा दोनेक मिलिमीटर सहज हलते. म्हणून रेषांना आडव्या असलेल्या पट्ट्याच आधी उचकटतात. पट्टी वाढलेली नसते, तिची जागा आखडलेली असते.

तेव्हा पाऊस येईपर्यंत थांबा. टीपॉय एसीच्या झोतातून आणि खिडकीच्या उन्हातून हलवा, वर जाडसर कापड घाला. पावसाळा मुरला की पट्टी बोटाने दाबून बघा, बहुतेक वेळा ती आपणहून खाचेत उतरते. मग खाचेतला जुना सरस टाचणीने कोरून काढा, पट्टीची खालची बाजू पॉलिशपेपरने जरा खरवडा, अ‍ॅराल्डाइटसारखा दोन ट्यूबांचा गोंद अगदी थोडा लावा. वर प्लास्टिकचा कागद, त्यावर सपाट फळी आणि रात्रभर वरवंटा. फेविक्विक ठिसूळ असतो. लाकूड हललं की सुटतो.

दुसरी मोठी चूक ब्रासोची. समई घासतो तसं हे पितळ घासायचं नसतं. काळी मळी लाकडाच्या छिद्रांत उतरते, पांढरी भुकटी नक्षीच्या कोपऱ्यांत वाळून बसते, पितळेवरचं पॉलिश निघतं ते वेगळंच. चिंच-मीठ तर नकोच. थोडं काळवंडलेलं पितळ मला जास्त शोभून दिसतं. नक्षीतली धूळ रंगकामाच्या कोरड्या मऊ ब्रशने काढावी.

चहाच्या गरम कपाचा पांढरा डाग लाखेच्या पॉलिशमध्ये अडकलेल्या वाफेचा असतो. दोन दिवस नुसतं उघडं ठेवलं तर पुष्कळदा जातो. नाही गेला तर सुती कापडावरून कोमट इस्त्री क्षणभर फिरवा. पितळ असेल तिथे मात्र नाही, कारण ते तापलं की खालचा गोंद सुटतो.

रोज लादी पुसताना पायांची टोकं पाणी पितात, त्यांना रबरी बुश लावा. खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर भुंगा लागलाय. वरवर फवारून काही होत नाही. इंजेक्शनच्या सुईने कीडनाशक भोकाभोकांत घालावं लागतं, हातमोजे घालून.

विकत घेताना एक ध्यानात असू द्या: विक्रेत्याचं ‘शीशम’ म्हणजे आजीच्या घरातलं शिसवी नव्हे. शिसवी जांभळट काळं, शीशम तपकिरी, आणि दोन्ही वेगळी झाडं. शिसवीच्या भावाने शीशम घेऊ नका. पांढरी जडण ‘हस्तिदंती’ म्हणून कोणी खपवत असेल तर तिथून निघा, हस्तिदंताचा व्यापार भारतात बंद आहे. ती जडण बहुधा हाडाची किंवा प्लास्टिकची असते. भिंगातून बारीक काळपट ठिपके दिसले तर हाड. खात्रीसाठी तापलेली सुई टोचू नका, डाग कायमचा राहतो.