हॉस्पिटल स्टाफचं एचआयव्ही ट्रेनिंग घ्यायचंय? सुरुवात सुईपासून करा

पेशंटशी माणुसकीने वागा वगैरे भाषण पहिल्याच स्लाइडला लावलंत की मागच्या रांगेतले मोबाईल काढणार, लिहून घ्या. स्टाफ मुद्दाम कोणाला छळत नसतो हो, त्यांना प्रिकची, म्हणजे सुई टोचण्याची भीती असते, मग त्यातूनच केस पेपरवर लाल पेनाने पॉझिटिव्ह लिहिणं, ऑपरेशन लिस्टमध्ये शेवटी टाकणं, नाहीतर सरळ "सिव्हिलला न्या" सांगून मोकळं होणं.

म्हणून आधी आकडे सांगा. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण व्हायचा धोका साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजार प्रिकमध्ये तीन. हिपॅटायटिस बी असेल आणि तुम्ही लस घेतलेली नसेल तर तोच धोका ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो! मग विचारा, लसीचे तिन्ही डोस कोणाकोणाचे झालेत? बघा किती हात वर येतात. नाडी बघून, बीपी घेऊन, चादर बदलून काही होत नाही हेही स्पष्ट सांगा, मावशी-मामांना तर नक्कीच, कारण ट्रेनिंगला डॉक्टर-सिस्टरच बोलावतात आणि कचऱ्यातली सुई टोचते सफाईवाल्यांना.

मग ड्रिल घ्या. रात्री अडीच वाजता सलाईन काढताना बोटात सुई गेली, आता काय? कोणी म्हणेल बोट दाबून रक्त काढू, कोणी तोंडात घालेल, कोणी स्पिरिट ओतेल. तिन्ही चूक. ग्लोव्हज काढा, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, ड्युटी डॉक्टरला सांगा, पेप (लागण टाळायला घ्यायच्या गोळ्या) लागणार असेल तर पहिला डोस शक्यतो २ तासांत, ७२ तासांच्या आत तरी हवाच आणि पुढे २८ दिवस गोळ्या. आता खरा प्रश्न, त्या गोळ्या कुठल्या कपाटात आहेत आणि चावी कोणाकडे? चावी इन्चार्जच्या पर्समध्ये आणि इन्चार्ज घरी, असं निघालं तर ते त्याच दिवशी मिटवा.

भीती उतरली की पुढचं ऐकतात. सुईला टोपण परत लावायचं नाही, रक्ताशी संबंध येणार तिथे ग्लोव्हज, आणि हे सगळ्याच पेशंटना, कारण रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी विंडो पिरियड असू शकतो, म्हणजे लागण झालेली असते पण टेस्टमध्ये अजून दिसत नाही. हे पाळलं तर वेगळा बेड, लाल स्टिकर कशालाच लागत नाही. रोज गोळ्या घेऊन ज्याचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) टेस्टमध्ये सापडेनासा झालाय त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही लागण होत नाही, हे अनेक सिस्टरना नवीन असतं, तिथे जरा थांबा, प्रश्न येऊ द्या.

जमलं तर एचआयव्हीसोबत जगणाऱ्या एखाद्या व्यक्तीला बोलायला बोलवा, पण तिच्या मर्जीने आणि शक्यतो दुसऱ्या तालुक्यातली. आपल्याच गावात तिची ओळख उघडी पडायला नको.

कायद्याला दहा मिनिटं पुरतात. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. भेदभाव करून उपचार नाकारता येत नाहीत, संमतीशिवाय टेस्ट नाही, आणि पेशंटचं एचआयव्ही स्टेटस हा लिफ्टमध्ये गप्पा मारायचा विषय नाही. २० किंवा जास्त माणसं असलेल्या दवाखान्यात तक्रार अधिकारी हवा, त्याचं नाव आणि १०९७ हेल्पलाइन ओपीडीत लावा.

महिन्याभराने न सांगता राउंडला जा आणि केस पेपर चाळा. लाल पेन अजून चालू असेल तर त्या वॉर्डचं ड्रिल परत.