हंपवरच्या विमानांचे अवशेष: तुकडा कोणत्या विमानाचा, हे कसे ठरवावे

१९४२ ते १९४५ या काळात आसाममधल्या चबुआ, दिनजान, मोहनबाडी, जोरहाट इथल्या धावपट्ट्यांवरून अमेरिकी विमाने डोंगररांगा ओलांडून चीनमध्ये कुनमिंगला माल नेत. वैमानिक या मार्गाला ‘हंप’ म्हणत. या मार्गावर सहाशेच्या आसपास विमाने गमावली गेली आणि त्यांतली बरीच आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या जंगलात पडली. तिथल्या गावांमध्ये जुना ॲल्युमिनियमचा पत्रा, पिस्टन किंवा पाइप आजही हाती येतो. विमानाचा प्रकार ठरवणे आणि नेमके कोणते विमान हे ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांची गल्लत झाली की चुकीच्या कुटुंबाला चुकीची बातमी जाते, म्हणून घाई नको.

आधी सुरक्षितता. काडतूस, बॉम्ब किंवा सीलबंद नळकांडे दिसले तर हात लावू नका, लांबून फोटो काढून पोलिसांना कळवा. अंधारात चमकण्यासाठी रंगवलेल्या घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियम असते. त्या खरवडू नका, उघडू नका. हाड, बूट, कापड किंवा ओळखपट्टी दिसली तर काम तिथेच थांबवा. वस्तू न हलवता जिल्हा प्रशासनाला कळवा.

तुकडा साफ करायला मऊ ब्रश आणि साधे पाणी एवढेच वापरा. तारेचा ब्रश, सँडपेपर, ॲसिड वर्ज्य. पत्र्यावरचे बरेच आकडे रबरी शिक्क्याने, शाईत उमटवलेले असतात आणि एका घासणीत कायमचे जातात. खोदलेला आकडा वाचायचा तर टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून बाजूने तिरपा उजेड टाका आणि चारही दिशांनी फोटो घ्या. प्रत्येक फोटोत मोजपट्टी हवी.

आता पार्ट नंबर. बऱ्याच कारखान्यांत नंबराची सुरुवात मॉडेलच्या आकड्याने होई. ‘२०-’ने सुरू होणारा नंबर कर्टिस कंपनीच्या सी-४६ या मालवाहू विमानाकडे बोट दाखवतो, कारण त्याचे कारखान्यातले नाव सीडब्ल्यू-२० होते. ‘३२’ आणि लगेच इंग्रजी अक्षर असेल तर कन्सॉलिडेटेड कंपनीचे बी-२४ हे बॉम्बफेकी विमान. ‘८७-’ असेल तर पी-४० हे लढाऊ विमान. पण हा आकडा तो भाग ज्या मॉडेलसाठी पहिल्यांदा आखला गेला त्याचा असतो, त्यामुळे नव्या विमानात जुन्या मॉडेलचा नंबर सर्रास सापडतो. दुसरी अडचण अशी, की सी-८७ हे मालवाहू विमान बी-२४ वरूनच बनलेले, म्हणून त्याचेही भाग ‘३२’चेच. तिथे पत्रा काही सांगत नाही. बंदुकीच्या टरेटचे (फिरत्या बुरुजाचे) दातेरी कडे सापडले तर बी-२४, धडाच्या बाजूला ओळीने खिडक्यांच्या चौकटी असतील तर सी-८७. ‘एएन’ने सुरू होणारे नंबर बोल्ट-नटांसारख्या प्रमाणित भागांचे असतात. ते सगळ्याच अमेरिकी विमानांत असत, त्यांवर वेळ घालवू नका.

इंजिनाचा भाग मिळाला तर तुमचे नशीब चांगले. व्हर्नियर कॅलिपरने पिस्टनचा व्यास काटकोनात दोनदा मोजा, कारण आपटल्याने तो लंबगोल झालेला असतो. सिलिंडरचा आतला व्यास आर-१८३० या इंजिनात १३९.७ मिलिमीटर, आर-२८०० मध्ये १४६ आणि आर-२६०० मध्ये १५५.६, पिस्टन त्याहून किंचित लहान भरतो. आर-१८३० म्हणजे सी-४७ (डकोटा हे मालवाहू विमान), बी-२४ किंवा सी-८७. आर-२८०० म्हणजे इथे बहुधा सी-४६. आर-२६०० म्हणजे बी-२५ हे बॉम्बफेकी विमान. मात्र पी-४० च्या ॲलिसन इंजिनाचा सिलिंडरही १३९.७ चाच आहे. ते बारा सिलिंडरचे, दोन सरळ रांगांचे आणि द्रवाने थंड होणारे. हवेने थंड होणाऱ्या आर-१८३० च्या सिलिंडरवर पातळ पंखांसारख्या चकत्या असतात, त्यावरून फरक कळतो. आर-१८३० सोबत टर्बोचे (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचे) पात्यांचे चाक निघाले तर सी-४७ बाद.

फसवणारी लक्षणे बरीच आहेत. दारूगोळा आणि पेट्रोलची पिंपे हा त्या विमानांचा माल होता, त्यामुळे काडतुसे सापडली म्हणून विमान लढाऊ ठरत नाही. काडतुसाच्या बुडावरचे साल इतकेच सांगते, की विमान त्याआधी पडलेले नाही. डकोटा, म्हणजे सी-४७, युद्धानंतरही भारतीय हवाई दलात उडत होती. फक्त प्रकार जुळला म्हणून काळ जुळतोच असे नाही. रशियन अक्षरे दिसली तर प्रकरण युद्धकाळातले नाही, तसे लगेच हवाई दलाला कळवा.

नेमके विमान ठरते ते सीरियल नंबरावरून. तो शेपटीवर रंगवताना सालाचा पहिला अंक आणि मधली आडवी रेघ गाळत, म्हणजे ४२-७३३०८ चे शेपटीवर २७३३०८ होई. उपकरणांच्या पाटीवरचा ‘डब्ल्यू ५३५ एसी’ने सुरू होणारा आकडा खरेदीच्या कराराचा आहे, विमानाचा नव्हे. ही चूक फार होते. शेपूट नसेल तर इंजिनाच्या पाटीवरचा नंबर शोधा. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बेपत्ता विमानांचे अहवाल आहेत आणि त्यांच्या छापील नमुन्यात विमान नाहीसे झाले तेव्हा त्यावर असलेल्या इंजिनांचे व बंदुकांचे नंबर लिहायची जागा आहे. इंजिने सतत बदलली जात, म्हणून कारखान्याच्या नोंदीपेक्षा हा अहवाल भरवशाचा. एक इंजिन जुळले तर ‘बहुधा’ म्हणा. दोन जुळली, किंवा एक इंजिन आणि एक बंदूक जुळली, तरच ठाम लिहा.

नोंद करताना न वाचता आलेल्या अंकाच्या जागी फुली मारा, अंदाजाने भरू नका. जागेचे अक्षांश-रेखांश, तुकडा जागेवर होता की कोणाच्या घरी, आणि तिथे कुठून आला हे लिहा. विमानासोबत माणसे बेपत्ता झाल्याची नोंद असेल तर ही माहिती अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या बेपत्ता सैनिक शोधणाऱ्या संस्थेला, डीपीएएला, पाठवा. कुटुंबाशी परस्पर संपर्क साधू नका.